नदीचं लाल अंडं

"सरका, सरका! माय प्रसवतेय!" गोटेबाबा ओरडला, तशी शे-दीडशे माणसं ओल्या खडकावर एकमेकांना रेटत पुढे आली. बाबाने कातळातल्या गोल खळग्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि गुळगुळीत गोटा वर काढला.

"ना छिन्नी, ना हातोडी! नदीमायचं अंडं! दुखण्यावर बांधा, दुखणं जागच्या जागी विरघळतं. मात्र सुरी लागली की अंडं नासलं!"

गर्दीत टाकीवाली उभी होती. पिठाच्या गिरण्यांतल्या झिजलेल्या दगडांना टाकी लावणं, म्हणजे ते छिन्नीने टोचून पुन्हा खरखरीत करणं, हा तिचा धंदा. तिच्या धाकट्या बहिणीच्या छातीत गाठ होती. ऑपरेशनची तारीख उलटून तीन आठवडे झाले, आणि ही बया छातीशी गोटा बांधून बसली होती.

"ताई, मऊ लागतेय गं आता."

"बघू."

"नको. बाबांनी कुणाला हात लावू द्यायचा नाही म्हणून सांगितलंय."

दगड दगडावर घासल्याशिवाय गुळगुळीत होत नाही, हे टाकीवालीला पक्कं ठाऊक होतं. मग इथे घासतंय कोण?

दुपारी बाबा घोरत पडल्यावर ती खळग्याशी पालथी झोपली. वरून कोसळणारं पाणी आत गरगर फिरत होतं. कातळाला कान लावला, तर आतून गिरणीसारखी घरघर! तळाशी चाचपलं, तर हाताला जाड वाळू लागली, आणि कोपरे अर्धेच झिजलेले दगड. तिने काठावरचा विटेचा तुकडा आत सोडला.

नवव्या दिवशी बाबाच्या हाताला तांबडा गोटा लागला.

"रक्तवर्णी अंडं! शंभर वर्षांत एकदा!" माणसं गुडघ्यांवर आली.

"बाबा, जरा उलटं करा ना," टाकीवाली म्हणाली.

पाठीवर खोलगट 'भ' होता. बाबाने गोटा उंच धरला. "बीजाक्षर!"

"कसलं बीजाक्षर?" मागून वीटभट्टीवाला खेकसला. "आमच्या भट्टीचा छाप आहे तो!"

हशा पिकला. बाबा चिडला. "पाण्याने कुठे दगड झिजतो?"

"नुसत्या पाण्याने नाही," टाकीवाली म्हणाली. " पाणी फिरवतं, वाळू आणि दगड घासतात. ही वीट मीच टाकली होती; ती मऊ, म्हणून नऊ दिवस. कातळाला हजारो वर्षं लागतात. गोटे झिजतात तसा खळगाही खोल होतो. खळगे एकमेकांत फुटतात, नदी आणखी खाली उतरते. ही अख्खी दरी अशीच कोरली गेलीय."

तरी दोघा-तिघांनी गोटे घेतलेच. धाकटी मात्र छातीवर हात दाबून उभी होती.

"ताई, दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो?"

गाठ वाढली होती, पण पसरली नव्हती. ऑपरेशन झालं. औषधं बरेच महिने चालली, केस गेले, पण धाकटी वाचली.

नदीने कुणालाच फसवलं नव्हतं. म्हणून सांगणं एवढंच, की कुणी उपचार सोडायला सांगितले, तर त्याला विचारा, "कशावरून?" आणि उत्तरासाठी थांबू नका; आधी डॉक्टरकडे जा.