हाक्याचा डफ

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. नागपूरजवळच्या कुहीच्या पलीकडचे एक रान डोळ्यांसमोर आणा. सागाच्या रुंद पानांतून ऊन झिरपते आहे, तळ्यावर धुके रेंगाळते आहे. रानाच्या काठावर एक झोपडी आहे. तिच्या कुडावर टांगलेला तो गोल दिसतो ना, तो मी. मी एक जुना डफ आहे.

झोपडीतल्या धोंडबाने मला बकऱ्याच्या कातड्याने मढवले. विस्तवावर शेकले की मी असा घुमायचो, की समोरची टेकडी उत्तर द्यायची. भिजलो की मात्र पार मुका! मला वाटे, आपण गाण्यासाठी जन्मलो. पण मला नेले हाक्याला. डफ बडवून जनावरे उठवायची आणि मचाणावरच्या बंदुकांसमोर आणायची, हाच तो हाका. नागपूरचे साहेब म्हणत, "वा, काय डफ आहे!" मी फुलून जाई. मग बार उडे, आणि टेकडी त्यालाही उत्तर देई.

हळूहळू रान ओसाड झाले. शेवटी शिकारबंदी आली आणि मी कुडावर चढलो. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. झोपेत मला दूरवर खुरांची चाहूल लागे. ते स्वप्न नव्हते. जनावरे खरेच परतत होती.

त्यांच्यामागून दुर्बिणी घेतलेली माणसे आली. धोंडबा त्यांना रान दाखवू लागला. एका सकाळी वामनराव नावाचे पाहुणे वैतागले.

"नुसती झाडंच दाखवून राहिले तुम्ही, धोंडबा! झाडं तर आमच्या नागपूरच्या महाराजबागेतही आहेत. तो डफ वाजवा ना, निघेल काही बाहेर."

धोंडबा घुटमळला. मग नातीला म्हणाला, "उत्तरा, डफ शेकून आण वं."

"काहून गा आबाजी? गवतात चितळीचं पाडस हाये. कालच तं तू दाखवलं मले."

"एकडावच वाजवतो. हे लोक रागावून गेले, तं मंग रान कोणाले दाखवू?"

उत्तरा मला चुलीपाशी घेऊन बसली. किती वर्षांनी ती ऊब! कातडे ताणले गेले, आणि मला वाजावेसे वाटू लागले. पण तिची बोटे माझ्यावरून अशी फिरत होती, जणू मीच ते पाडस. मित्रांनो, तुम्ही रानात जाल तेव्हा हळू जा. ते आपण होऊन जेवढे दाखवील, तेवढेच पाहा.

"झालं का वं?" बाहेरून धोंडबाची हाक आली.

उत्तराने माठात गडवा बुडवला आणि काठोकाठ भरलेले ते पाणी माझ्या तापल्या कातड्यावर ओतले.