छत्री मांगं सरकत होती

एकदा मी गावभर सांगितलं होतं का आमच्या म्हशीनं पारवा गिळला, आन आठ दिवस तिच्या पोटातून घुमल्याचा आवाज येऊन राह्यला. बोरी अरबच्या बाजारातून लोक पाहाले आलते. दोघं-तिघं तं म्हशीच्या पोटाले कान लावून बसले, आन एक जण म्हणे, "हाव, आयकू येते." आता लोकाइलेच आयकू येते, तं त्यात मायं काय चुकलं?

हे आधी याच्यासाठी सांगून राह्यली का पुढं माह्या भावाचा जीव जायची पाळी आली, तवा मले खरं बोलाचं होतं. आन खरं बोलाले मायं तोंड कामाचंच राह्यलं नव्हतं.

भाऊ मंजे बापू. गाव त्याले बापूजी म्हणते. मी त्याच्याहून सहा वर्षांनं मोठी, म्हणून तो मले 'बाई' म्हणते. मले गावातल्या गावातच देलती, त्याच्या आन माह्या घराच्या मंधात दोन गल्ल्या. त्याची बायको कोकिळा पोळ्याच्या आधी तापानं गेली. चार दिवसांत खेळ खलास. पोरगी अर्पिता लग्न होऊन नागपूरले. घरात उरले दोघं, बापू आन त्याचा टीव्ही.

टीव्हीची छत्री, मंजे डिश, घराच्या सलाबवर. ते फुकटवाली छत्री असते न, महिन्याचा रिचार्ज लागत नाही, ते. लोखंडी स्टँडावर उभी, आन स्टँडाच्या पायावर चार गोटे ठेवलेले. तिचं तोंड थोडं उगवतीकडं आन जास्त दक्षिणेकडं करा लागते. दक्षिण कोणाची दिशा, ते मी सांगावं का?

छत्री लावाचं काम एकट्या माणसाचं नसते. एक जण वर, एक जण खाली टीव्हीपुढं. वरचा हालवते, खालचा बोंबलते. आलं, गेलं, थोडं मांगं, बस बस, थांबा. वारा सुटला का माकडं नाचून गेली का या दोघांचं सुरू. वर बापू, खाली चटईवर कोकिळा. तिचा आवाज बारीक आन टोकदार, पितळी ताटलीवर सुई पडल्यासारखा. आख्ख्या गल्लीले मालूम पडे का बापूच्या टीव्हीवर आता चित्र हाये का नुसते चौकोन.

दिवाळी झाली आन टीव्ही बिघडला. बातम्या सांगणाऱ्या बाईचं तोंड उघडंच्या उघडं अडके. गाल एकीकडं, डोळे दुसरीकडं. मंग निळा पडदा, सिग्नल नाही. बापूनं बोरीहून उत्तमसिंगले बोलावलं. तो छत्र्याच बसवते, चाळीशीतला गडी हाये, हाताले चांगला. त्यानं वायरचा कुजका जोड कापला, गंजलेली पिन बदलली, छत्रीच्या मंधातल्या डबीत कुंभारमाशीनं घर केलतं, ते काडीनं काढलं. टीव्हीच्या डब्ब्याचे सिग्नलचे आकडे मले दाखवले.

"पाह्य मावशी, ताकद ऐंशी, क्वालिटी सत्तर. याच्यात खराबी असन तं मी मिशी काढीन."

दुसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडदा. उत्तमसिंग पुन्हा आला, वर गेला, डोकं खाजवत उतरला.

"छत्रीचं तोंडच फिरते. माकडंच असतीन."

"तुही मिशी?"

"माकडाइची काढा न मावशी, माही कायले!"

आता माह्या वाटंचं सांगते. उत्तमसिंग दुसऱ्यांदा येऊन गेल्यावरची गोष्ट, कापूस वेचाचे दिवस होते. दुपारी गावात कुत्रं सुद्धा दिसत नव्हतं, तान्ह्या लेकरावाल्या एक-दोघी सोडल्या तं सारे वावरात. मी बापूसाठी वाटीत ठेचा घेऊन गेलती. पाह्यते तं काय, बापू एकटाच. वर जाते, छत्री हालवते, शिडीनं खाली उतरते, टीव्ही पाह्यते, पुन्हा वर. सत्तरीचा माणूस, कुत्र्यासारखा धापा टाके. मले दया आली, आन दया आली का मले खोड्या सुचतात. तो वर गेला तशी मी मांगच्या दारानं गुपचूप आत शिरली, चटईवर बसली, आन कोकिळाच्या आवाजात ओरडली, "गेलं! थोडं मांगं! आलं, आलं!"

नकला तं मी लहानपणापासून करते. गावात असा माणूस नाही का ज्याचा आवाज मी काढला नसन.

वरची पावलं थांबली. मंग बापू हळूच बोलला, "कोकिळा?"

मी जशी आलती तशी मांगच्या दारानं पळाली. म्हटलं, संध्याकाळी सांगीन, दोघं हासू. संध्याकाळी गेली तं बापूनं दाढी केलती, धुतलेली बंडी घातलती, आन पोटभर जेवून राह्यला होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मंग कशी सांगू?

दुसऱ्या दिवशी मी वावरात होती. संध्याकाळी बापूच्या गल्लीत आली तं त्याच्या शेजारची मथुराबाई तिच्या दारातच हासून राह्यली.

"काय वं आजी, आज बी कोकिळाबाई झालत्या काय? दोन घंटे सुरू होतं तुमचं. आलं, गेलं, मांगं. माह्या लेकराची झोप मोडली."

"मी तं वावरात होती, मथुरे."

"हाव न. आन तुमच्या म्हशीनं पारवा गिळलता."

ती हासत घरात गेली. मी तेथंच उभी राह्यली.

पाच-सहा दिवस मी सोताची समजूत घातली. मथुरा मस्करी करत असन. बापू सोताच बोलत असन. पण तो रोज जेवत होता, रोज तीन वाजता सलाबवर जात होता, आन कोणी टीव्हीचं इचारलं तं म्हणे, "होते हळूहळू. थोडंसंच राह्यलं."

आठव्या का नवव्या दिवशी मी वावरात गेलीच नाही. तीनले त्याच्या घरी गेली. समोरच्या दाराले कुलूप. मांगच्या दाराले बी कुलूप. किल्ल्या बापूच्या करदोट्याले, आन बापू वर. मी दाराजवळ उभी राह्यली आन आतून आवाज आला.

"थोडं मांगं."

कोकिळाचा. तोच बारीक, तोच टोकदार. मी खिडकीतून पाह्यलं. टीव्हीचा निळा उजेड सगळ्या खोलीत. चटई रिकामी. पण रोजच्या जागी नव्हती, टीव्हीच्या काचेले भिडून पडली होती.

शिडी कशी चढली ते देवाले माहीत. वर गेली तं बापू माह्याकडं तोंड करून, मांगं मांगं जात, छत्रीचा स्टँड ओढून राह्यला होता. आन सलाबवर मले रेघा दिसल्या. गंजाच्या, लाल, स्टँडाच्या पायाच्या. एकीपुढं एक, आठ-नऊ ठिकाणी थांबलेल्या, आन दर ठिकाणी मांगच्या टोकाच्या एक वीत जवळ. त्या बाजूचा कठडा बांधाचा राह्यलाच हाये. खाली थ्रेशर उभं, सोयाबीन काढून झाल्यावर ठेवलेलं, दाते वर करून.

"बापू! थांब!"

"चूप राह्य बाई. ती सांगून राह्यली."

"मांगं पाह्य, मांगं काय हाये!"

"माहीत हाये. ती सांगते तेवढंच घेतो मी. रोज एक वीत."

"छत्री कोण फिरवते रोज? खरं सांग."

तो ओशाळला. "पहिले माकडं होती, मंग मीच. सकाळी उठून फिरवून ठेवतो. चित्र आलं तं ती कायले बोलन?"

"ते कोकिळा नोहे, बापू."

"चाळीस वर्षं आयकला तो आवाज. मले शिकवतं?" मंग त्याचा चेहरा असा झाला, जसा लग्नात झालता. "आन तुले एक सांगू? ती आता मायं नाव घेते. सारी उमर 'आयकलं का, आयकलं का' करत राह्यली. लग्नात उखाणा बी पदरात तोंड घालून घेतलता. मी म्हणो, एकदा घे न वं, कोण आयकते येथं. नाही म्हणे. आता घेते. मेल्यावर कायची लाज?"

आवाज मी कोकिळाचा काढलता, पण जीभ तं बहिणीची होती. सत्तर वर्षं ज्याले नावानं हाक मारली, त्याले त्या दिवशी बी सवयीनं मारली गेली. 'आलं, आलं'च्या मांगून 'बापू, थांब' असं निघूनच गेलतं.

"बापू, ते नाव मी घेतलतं. पहिल्या दिवशी मी होती खाली. मी मस्करी केली."

तो हासला. "तू? म्हशीच्या पोटातला पारवा बी तूच न?"

"अर्पिताची शप्पथ."

"मांगच्या साली तू देवळातल्या घंटीची शप्पथ घेतलती. आपल्या देवळात घंटीच नाही."

खालून आवाज आला. "बापू, थोडं मांगं."

त्यानं स्टँड धरला आन ओढला. त्याची उजवी टाच अर्धी बाहेर गेली. मी पुढं जाऊन धरलं असतं तं दोघं गेलो असतो. रडली असती तं म्हणाला असता, नाटक. खरं त्याले पटत नव्हतं आन खोटं पटाची आता येळ नव्हती. मंग मले एकच येत होतं ते मी केलं. त्याच्या डोळ्यात डोळे घातले, पदर तोंडावरून बाजूले केला, आन कोकिळाच्या आवाजात म्हटलं, "बापू, पुढं ये."

त्यानं माह्या तोंडाकडं पाह्यलं. असं पाह्यलं, जसा मी त्याले दगडच मारला.

आन तेवढ्यात, एक श्वास जाईल येवढ्या येळानं, कुलूप लावलेल्या घरातून तोच आवाज आला.

"बापू, पुढं ये."

जसंच्या तसं. शिडी चढून मले धाप लागलती, म्हणून माह्या 'बापू'च्या मांगं एक श्वास तुटलता. खालच्या आवाजात बी तो श्वास तेथंच तुटला.

बापू गपकन थांबला. मी पाह्यलं, त्याले समजलं. मेलेल्या बाईले धाप कायची? जे कोण खाली बसलं होतं, ते कोकिळापासून नाही, माह्यापासून शिकलं होतं. कोकिळाचे बोल त्याच्याजवळ नव्हतेच. मी जेवढे देले तेवढेच होते. मांगं, आलं, गेलं, थांब, आन मायं चुकलेलं ते नाव.

"पुढं ये, बापू," मी माह्या सोताच्या आवाजात म्हटलं. आता खालचं काही बोललं नाही.

त्यानं स्टँड सोडला. एक पाऊल, दुसरं पाऊल. तिसऱ्याले मी त्याचा हात धरला, बरफासारखा गार. त्याच्या मांगं छत्री डोलली, जराशी वाकली, आन टोकावरून गेली. थ्रेशरवर पडल्याचा आवाज आख्ख्या गावानं आयकला असता, गावात कोणी असतं तं.

मंग सारं गप. वायर तुटून सलाबवर सापासारखी पडली होती. ना छत्री, ना सिग्नल. आन खालून, लय समाधानानं, कोकिळाच्या आवाजात,

"आलं. आलं. बापू, थांब."

आम्ही दोघं सलाबवर बसून राह्यलो, वावरातून माणसं येईपर्यंत. पहिले बैल दिसले तवा खाली उतरलो. बापूनं करदोट्याची किल्ली मले देली, कुलूप मी काढलं. आत टीव्ही बंद होता. तो कोणी बंद केला, मले इचारू नोका. मी चटई गुंडाळली. ती गरम होती, मंधात, माणूस बसते तेवढ्याच जागी.

दोन दिवसांनं उत्तमसिंगनं नवी छत्री आंगणात बसवली. लोखंडी पाइप जमिनीत गाडला, सिमिट ओतलं, आन टीव्ही दाराच्या समोर आणला. आता छत्रीपाशी उभं राहूनच चित्र दिसते. वर-खाली दोन माणसं लागतच नाहीत. ताकद ब्याऐंशी, क्वालिटी बहात्तर. उत्तमसिंग म्हणे, "आता माकडं काय, माकडाचा बाप बी हालवणार नाही." बापूनं सोताच्या हातानं पाना घेतला आन सारे नट एकदा पुन्हा कसले.

म्हैस-पारव्याच्या गोष्टी मी आताही सांगते, पण नकला बंद. नातवंडं लय मांगं लागतात.

होळीच्या आधी एका दुपारी मी बापूकडं बसली होती. मथुराबाईनं देलेल्या शेंगा सोलून राह्यलो होतो. टीव्ही बंद होता. बापू शेंगेकडं पाहत म्हणे, "बाई, तो आवाज एकदा काढतं काय? नाव घेऊन. मले मालूम हाये का तूच हायेस."

त्याच्या आंगणातल्या छत्रीवर चिमणी बसली होती. घर उघडं होतं. आत कोणी नव्हतं, आन मले पक्कं वाटलं का कोणीतरी आयकाले टपलं हाये.

"नाही येत रे आता," मी म्हटलं. "इसरली मी."

बापूनं मान हालवली. मायं हे बोलणं मातर त्यानं लगेच खरं मानलं. मंग दोन शेंगा सोलल्या, उठला, आन टीव्ही लावला.