बघितलेला आकडा

काळ्या पेनचं टोपण दातात, निळं पेन हातात, आणि मंगळवारची भीती किती लिहावी — सहा? की साडेपाच? साडेपाच जास्त खरं वाटेल, असं प्रणेशला वाटलं. सोमवार सात होता, काळ्या पेनचा; शुक्रवारपर्यंत हळूहळू तीनवर आणलं की संशय यायला नको. सरस्वतीपुरमातल्या समुपदेशन केंद्राच्या पहिल्या मजल्यावरच्या बाकावर, आतून बोलावणं यायच्या दहा मिनिटं आधी, सव्वीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस आठवड्याचा गृहपाठ एका बैठकीत उरकत होता, आणि तोही पोरांसारखा पेनं बदलून!

वहीतला तक्ता सोपा होता. काय घडलं, मनात काय आलं, भीती दहापैकी किती. समुपदेशक सहना मॅडमनी — वयानं त्याच्या मुलीएवढ्या असतील — पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भीतीला हाकलायचं नाही सर, ती कशी चढते, कशी उतरते, तेवढं रोज बघायचं. बघायचं म्हणे! जूनमध्ये फळ्याकडे वळताना हातातला खडू गळून पडला, श्वास छातीत अडकला, मागे ऐंशी पोरं चिडीचूप... ईसीजी स्वच्छ निघाला, रजा मिळाली, आणि तेव्हापासून त्या क्षणाकडे बघायचं नाही एवढं एकच तर तो जिवापाड सांभाळत आला होता. चार आठवडे आकडे छान उतरत गेले. मॅडम खूश, घरी बायको कृष्णवेणी खूश. सकाळी कॉफी देता देता ती म्हणालीसुद्धा, "सोमवारपासनं कॉलेज, अल्वा, हो ना? देव पावला बघा."

सोमवार. म्हणजे परवाच. स्वतःच्याच हातानं पायावर धोंडा, दुसरं काय... आणि मग, नको असताना, वर्गातली भव्या आठवली. गेल्या वर्षी तिच्या प्रयोगवहीत ब्यूरेटच्या नळीवरचा आकडा सहाही वेळा तंतोतंत एकच होता. त्यानं भर प्रयोगशाळेत वही उंच धरली होती — "बरोबर आकडा नको मला, बघितलेला आकडा लिही!" पोरं फिदीफिदी हसली. ती एवढंच म्हणाली, "चुकला तर तुम्ही रागवाल म्हणून, सर..." किती फडतूस कारण, असं तेव्हा वाटलं होतं. आता त्याला लाज वाटली.

"बन्नी सर, या आत," मॅडमनी दार उघडून बोलावलं.

त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "किती छान, सर! मग ठरल्याप्रमाणे सोमवारी वर्गात जायचं. आणि आता महिन्यातून एकदा भेटलो तरी चालेल, ना?"

हो म्हटलं की सुटलो — मान हलायलाही लागली होती — आणि परवा तो फळा, ती पाठीमागची शांतता, आणि ज्या एका खोलीत हे सांगता आलं असतं तिचं दार स्वतःच लावून घेतलेलं...

"मॅडम, हे सगळं मी आत्ता बाहेर बसून लिहिलं. चारही आठवडे असंच."

तो खाली बघत राहिला. आता वही उंच धरली जाईल. पण वही मिटल्याचा आवाज आला.

"परवागिल्ला सर. चालतं. आत्ता, या क्षणी किती आहे?"

नऊ, जीभ तयारच होती. घाबरलेल्या माणसाला शोभेल असा, बरोबर आकडा. त्यानं तो गिळला. हात छातीवर ठेवला. आत धडधड होती, तळवे ओले होते, आणि सोमवार कुठेही गेलेला नव्हता.

"थांबा," तो म्हणाला, "बघून सांगतो."