रोलची शेपटी

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या पक्षीवाल्याने माइक हातात घेतला, डोळे मिटले आणि मोठा श्वास घेतला. काकूंनी लगेच ओळखलं, आता हा माणूस चिखलात उतरणार.

"तीन दिवस," पक्षीवाला म्हणाला, "तीन दिवस मी दलदलीत गुडघाभर पाण्यात उभा होतो. हललो नाही, बोललो नाही. शिंक आली, तीसुद्धा गिळली. आणि चौथ्या दिवशी पहाटे तो आला."

"कुठला चौथा दिवस आणि कुठली पहाट!" काकू काकांच्या कानाशी लागल्या. "याच्या शेजारणीच्या कपड्यांच्या दोरीवर बसला होता तो. प्रिंट करताना दोरीचे चिमटे काळे करून लपवता लपवता माझा जीव मेटाकुटीला आला होता."

"हळू बोल गं," काका म्हणाले.

काकूंना सगळं ठाऊक होतं, कारण एकतीस वर्षं गावातल्या झाडून साऱ्या फोटोग्राफरांचे रोल त्यांच्या हाताखालून गेले होते. लॅब काका-काकूंची. काका पुढे काउंटरवर पावत्या फाडायचे, काकू मागे अंधाऱ्या खोलीत रोल धुवायच्या आणि लाल दिव्याखाली प्रिंट काढायच्या. आणि रोल धुतला की पहिलं काम म्हणजे कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रोलचे छत्तीसच्या छत्तीस फोटो बारीक आकारात एकाच कागदावर, ओळीने, काढले तसे. फोटोग्राफर त्यातला एक निवडून मिरवायचा. बाकीचे पस्तीस काकूंनी पाहिलेले असायचे. पक्षीवाल्याच्या त्या ऐतिहासिक पक्ष्याच्या आधीच्या चौकटीत त्याच्या स्कूटरचं सीट होतं आणि नंतरच्या चौकटीत शेजारीण, हातात बादली, चेहऱ्यावर 'काय चाललंय काय तुमचं?'

आता लॅब बंद होऊन दोन वर्षं झाली होती. रोलच कुणी वापरत नाही म्हटल्यावर धुणार काय, कपाळ? पण फोटोग्राफर मंडळाने आठवण ठेवून दोघांना बोलावलं होतं. कार्यक्रमाचं नाव होतं 'माझा लाडका फोटो आणि तो कसा मिळाला'. प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं, चिटणीसबाईंनी उतरवून घ्यायचं, आणि त्याचं जाडजूड पुस्तक निघणार. उद्या सकाळी सगळा मजकूर छापखान्यात जायचा होता.

म्हणूनच काकू आल्या होत्या. एरवी या थापांच्या फडात त्या फिरकल्याही नसत्या. पण सभागृहाच्या समोरच्या भिंतीवर मधोमध सर्वांत मोठा फोटो लावला होता, एका म्हातारीचा, आणि तो मंडळातल्या सर्वांत नावाजलेल्या फोटोग्राफरच्या, म्हणजे सरांच्या नावावर छापला जाणार होता. तो फोटो सरांनी काढलेला नव्हता. तो काकूंनी काढला होता. आज बोलल्या नाहीत तर उद्या तो कायमचा सरांचा होणार, हे काकूंना पक्कं माहीत होतं. त्यांच्या पर्समध्ये त्याच रोलच्या बावीस वर्षांपूर्वीच्या कॉन्टॅक्ट शीटची जादा प्रत चौपदरी घडी घालून ठेवलेली होती.

"बोलणार आहेस का खरंच?" काकांनी सकाळपासून पाचव्यांदा विचारलं.

"का? आता तर धंदा बसायची भीती नाही ना?"

"भीती नाही गं. पण जाऊ दे ना. झालं ते झालं."

"तुमचं हे जाऊ दे, जाऊ दे ऐकून माझे केस पिकले," काकू म्हणाल्या आणि पुढे बघू लागल्या.

झालं होतं ते असं. लॅबमध्ये एक जुनी खोड होती आणि ती गिऱ्हाइकांना कधीच कळू दिलेली नव्हती. एखाद्याचा कॅमेरा अडकला की तो रोलसकट लॅबमध्ये यायचा. काकू तो सोडवायच्या आणि रोल काढण्याआधी बघायच्या, मागे किती फोटो शिल्लक आहेत. तीन-चार असले तर ते काकू स्वतःच मारून टाकायच्या. समोर जे असेल त्याचे. घड्याळ, खिडकी, काकांचं टक्कल. याला त्या दोघांत नाव होतं, शेपटी मारणं. रोल धुतला की शेपटी कापून बाजूला काढायची, शीटवरूनही गाळायची आणि बाकीचं गिऱ्हाइकाच्या पाकिटात. काकूंकडे स्वतःचा कॅमेरा कधीच नव्हता. त्यांची सगळी फोटोग्राफी लोकांच्या शेपट्यांवर झाली होती.

सरांचा कॅमेरा आला तेव्हा आकडा तेहतीसवर अडकला होता. काकूंनी तो सोडवला, मागच्या पायरीवर गेल्या आणि तीन फोटो मारले. त्या दिवशी लॅबमध्ये तुफान गर्दी होती. काकूंनी सवयीने सहा-सहाच्या पट्ट्या कापल्या, शीट काढली, पाकिटात सरकवल्या आणि मोकळ्या झाल्या. शेपटी तशीच गेली. असला गाढवपणा एकतीस वर्षांत एकदाच झाला, आणि तोही सरांच्या बाबतीत! चार दिवसांनी सर शीट घेऊन आले. छत्तिसाव्या चौकटीभोवती लाल पेन्सिलीने गोल केला होता.

"याची मोठी प्रिंट करा," सर म्हणाले. "हे माझं आजवरचं सर्वोत्तम काम आहे."

काकूंचं तोंड उघडलं होतं. काकांनी काउंटरखालून त्यांच्या पायावर पाय दिला. "गप्प बस," ते नंतर म्हणाले. "लोकांचे रोल आपण वापरतो हे बाहेर कळलं तर धंदा बसेल." हे पटण्यासारखं होतं. काकू गप्प बसल्या. फोटोला बक्षीस मिळालं, मग आणखी एक, आणि सर 'सर' झाले.

पक्षीवाला टाळ्या घेऊन बसला. मग लग्नाचे फोटो काढणारा उठला. गावात याला सगळे 'स्माइलवाला' म्हणत. त्याचा लाडका फोटो म्हणजे नवरीच्या गालावरचा एकच एक अश्रू.

"माहेर सुटण्याचं ते दुःख," स्माइलवाला हुंदका आवरत म्हणाला, "मी त्या एका थेंबात पकडलं."

"खोटी पापणी डोळ्यात गेली होती तिच्या," काकू पुटपुटल्या. "पुढच्या तीन फोटोंत करवली फुंकर मारतेय."

काकांना हसू आलं, पण ते हसले नाहीत. ते भिंतीकडे बघत होते, भलतीकडेच, जिथे फोटो नव्हता.

मग सर उठले. मफलर सावरला. सभागृह आपोआप शांत झालं. सर काही वाईट माणूस नव्हेत, हे काकूंनाही मान्य होतं. त्या रोलवरचे पहिले तेहतीस फोटो त्यांनी खरोखरच डोंगरातल्या सहलीत काढले होते. सगळे हललेले होते ही गोष्ट वेगळी. चौतिसावा, पस्तिसावा, छत्तिसावा आपणच काढला असं ते मनापासून धरून चालले होते आणि मग ती गोष्ट सांगून सांगून तिच्यावर मांस चढलं होतं. पहिल्या वर्षी फक्त गाव होतं. पुढे त्या गावाला उंची आली. काही वर्षांनी बर्फ पडायला लागला.

"वाट संपली होती," सर म्हणाले. "बर्फात माझे बूट फाटले होते. एका झोपडीच्या दारात ती बसली होती. तिने जन्मात कॅमेरा पाहिलेला नव्हता."

"आईने?" काकांच्या तोंडून निसटलं. लॅबमध्ये जन्म काढलेल्या बाईबद्दल हे ऐकून कुणाच्याही तोंडून निसटलं असतं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

"मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी येत नव्हती," सर डोळे पुसत म्हणाले. "पण तिने माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं, जणू मी तिच्या पोटचाच. तो क्षण मी टिपला. फोटोचं नाव मी ठेवलं, अनामिका."

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी काकूंचं मनगट घट्ट धरलं. काकूंनी ते सोडवलं आणि उभ्या राहिल्या.

"मला बोलायचंय," त्या म्हणाल्या.

चिटणीसबाईंना वाटलं, लॅबतर्फे आभाराचे दोन शब्द असतील. त्यांनी कौतुकाने माइक दिला. काकूंनी पर्स उघडली, शीट काढली आणि सरळ सरांच्या हातात ठेवली.

"सर, शेवटची ओळ बघा. चौतीस नंबर. बर्फ दिसतोय का?"

सरांनी चष्मा वर केला, खाली केला. चौतीस नंबरच्या चौकटीत एक दार होतं, दारात पावतीपुस्तक धरलेला एक माणूस, चौकटीच्या कडेला उभा अर्धा कापलेला. पण उरलेल्या अर्ध्या डोक्यावरचं टक्कल स्वच्छ दिसत होतं. पक्षीवाला मागून डोकावला. त्याने शीटकडे पाहिलं, मग दुसऱ्या रांगेत बसलेल्या काकांकडे पाहिलं.

"अहो, हे तर काका!" तो ओरडला. "आणि हे लॅबचं मागचं दार!"

सभागृहात एकच हशा पिकला. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला, आणि काकूंना त्यांची दया आली. पण गप्प बसायची बावीस वर्षं भरली होती.

"कॅमेरा सरांचा, रोल सरांचा," काकू म्हणाल्या. "शेपटी मी मारली. तुम्हा सगळ्यांच्या रोलवर मारलीय, आता काय करायचं ते करा. लॅब बंद आहे. आणि ही बाई कुणी अनामिका वगैरे नाही. ही माझी सासू."

"मग सांगा की काकू," स्माइलवाला मागून ओरडला, "तुम्हीही सांगा, कसा मिळाला!"

काकूंनी घरून दोन वाक्यं पाठ करून आणली होती. फोटो माझा आहे, नाव माझं घाला. ती त्यांना आठवेनात.

"पायरीवर बसून त्या ट्रे घासत होत्या," त्या म्हणाल्या. "फोटो धुवायच्या औषधाच्या वासाने डोकं उठतं म्हणून मला शिव्या घालत होत्या. चौदा वर्षं ऐकत होते, नवीन काही नव्हतं. मी कॅमेरा लावला. पस्तिसाव्यात बघा, तोंड उघडं आहे, ती शिवीच आहे. मी म्हटलं, आई, हलू नका, एकच राहिलाय. तर म्हणाल्या, अगं बये, परक्याचा रोल, आणि शेवटचा एक माझ्यावर कशाला फुकट घालवतेस? आणि हसल्या. मी दाबलं."

चिटणीसबाईंचं पेन थांबलं होतं.

"मी तेव्हा काही बघितलं नाही. मी फोकस बघत होते. तोंड पाहिलं ते लाल दिव्याखाली, कागद औषधात टाकल्यावर. आधी डोळे वर आले. मी तिथे ट्रेवर वाकून उभी आणि मनात म्हणतेय, या बाईला मी आवडते की काय! धावत दाखवायला जाणार, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, आमटीत मीठ कुणी घातलं, माणसाने की मिठागराने! मग राहून गेलं. पुढे सोळा वर्षं एका घरात होतो. एक गोड शब्द बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. सहा वर्षांपूर्वी गेल्या." काकू खाकरल्या. "म्हणजे माझ्याकडे पुरावा म्हणाल तर एवढाच आहे. आणि सर म्हणतात, माझ्याकडे बघत होती! जणू मी तिच्या पोटचाच! सर, तुम्ही त्या वेळी तुमच्या घरी जेवत होता हो. ती माझ्याकडे बघत होती."

सर माइक न घेताच म्हणाले, "मला खरंच बर्फ आठवतो हो काकू." त्यांनी शीट घडी करून परत दिली. "नाव यांचं घाला. माझी दहा मिनिटं काढून टाका."

चिटणीसबाईंनी एक अख्खं पान फाडलं आणि नवं घेतलं. "फोटोखाली काय लिहू काकू? अनामिका तर गेलं."

"लिहा, माझ्या सासूबाई, माझ्याकडे बघताना."

टाळ्या वाजल्या, कुणीतरी शिट्टीही मारली. काकू जागेवर येऊन बसल्या. काका अजून त्या रिकाम्या भिंतीकडेच बघत होते.

"झालं माझं," काकू म्हणाल्या. "आता रागवायचं ते रागवा. धंदा नाहीच, तर बुडेल काय?"

"धंद्याचं काय घेऊन बसलीस," काका म्हणाले. त्यांनी मान वळवली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या फोटोकडे सरळ पाहिलं. "पहिली प्रिंट काउंटरवर आली तेव्हाच बघितलं होतं मी. आईने माझ्याकडे कधी असं बघितलं नाही गं. एकदाही नाही. ते चारचौघांत कशाला यायला हवं, म्हणून म्हणत होतो गप्प बस."