कामाचे दहा दिवस

काखेतली चटई कालोलाइनेने काउंटरच्या अगदी समोर, लोक जिथे रांग लावतात तिथेच फरशीवर अंथरली. चपला कडेला काढल्या, काळा झगा सारखा केला आणि पाय एका बाजूला घेऊन ती ऐसपैस बसली. पासपोर्टची कचेरी उघडून पाच मिनिटंही झाली नव्हती.

"आत्या, तिकडे खुर्च्या आहेत," काउंटरमागून केलेपी दबक्या आवाजात म्हणाला.

"दिसताहेत मला. खुर्चीत बसलं की माणूस वाट बघायला लागतो. मी वाट बघायला आलेली नाही."

केलेपी तिच्या चुलत भावाचा मुलगा. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, इस्त्रीचा सदरा आणि कमरेला टोंगाच्या रिवाजाप्रमाणे नोकरीवर नेसायची विणलेली छोटी चटई. कचेरीत तो चार माणसांवर डाफरत असेल, पण आत्या समोर आली की नजर खाली. टोंगात आत्येचा मान बापाहून मोठा. तिच्यासमोर भाचा मान वर करून बोलत नाही, आणि ती जे मागेल त्याला नाही म्हणत नाही.

कालोलाइनेने बायबलच्या पानांतून पावती काढली आणि बसल्या जागेवरून हात उंच करून काउंटरवर ठेवली.

"भिंतीवरचा फळा वाच. मोठ्याने वाच, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल."

"आत्या..."

"पासपोर्टचं नूतनीकरण, कामाचे दहा दिवस," मागच्या खुर्चीतून एका दांडग्या माणसाने वाचून टाकलं. तोमासी त्याचं नाव. ऑस्ट्रेलियात फळं तोडायच्या कामाला निघाला होता. "आजी, मला चष्मा लागत नाही, म्हणून वाचलं."

"शाबास. आज कितवा दिवस आहे, केलेपी?"

केलेपीने पावती पाहिल्यासारखं केलं. "सोळावा."

"शनिवार-रविवार सोडून सोळावा. मी कुणाचा एक दिवस चोरलेला नाही."

तीन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी, ऑकलंडहून तिच्या धाकट्या भावाचा, इसिलेलीचा, फोन आला होता. त्याच्या मुलाची, पोआसीची, मूत्रपिंडं बंद पडत चालली होती आणि तो एकसारखा आत्येला बोलाव म्हणत होता. कालोलाइनेने ट्रंकेतून पासपोर्ट काढला. न्यूझीलंडचा व्हिसा अजून दोन वर्षं चालणारा होता, पण पासपोर्टचीच मुदत कधीची सरली होती. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी ती या कचेरीच्या पायरीवर हजर होती. दहा दिवस, असं तिला सांगितलं गेलं. पोआसी कामाच्या तेराव्या दिवशी, या मंगळवारी, गेला.

दहा दिवस म्हणजे दहा दिवस असते, तर तो तिच्याशी दोन शब्द बोलून गेला असता. ही गोष्ट मंगळवारपासून तिच्या मनातून हलत नव्हती. रडून झालं होतं. आता नुसता संताप उरला होता, आणि तो वाया घालवायची तिची तयारी नव्हती.

"कोरी पुस्तकं संपली होती, आत्या," केलेपी पावतीची घडी करत म्हणाला. "परवाच आलीत. आता एकेक छापून..."

"संपली होती?" तोमासी मध्येच म्हणाला. "अरे, माझ्या मेव्हण्याला गेल्या सोमवारी मिळाला की पासपोर्ट! कालच विमानात बसला तो."

"ते... वेगळ्या गठ्ठ्यातलं असेल," केलेपी म्हणाला आणि उगाच कागद इकडचे तिकडे करू लागला.

कालोलाइनेने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो घामाघूम झाला होता. सरकारी नोकरीत पोराला खोटं बोलायला लावतात, असं तिच्या मनात आलं, आणि कचेरीवरचा तिचा राग आणखी चढला.

दहाच्या सुमारास इसिलेलीचा फोन वाजला. तिने तो तिथेच घेतला.

"ताई, पाद्रीबाबा विचारताहेत. दफन सोमवारी नक्की करू का? हॉल पुन्हा मिळायचा नाही. लोक चार दिवस बसून आहेत."

"बसू देत. मीही बसलेय."

"तू येऊ शकली नाहीस तर आम्ही फोनवरून दाखवू ना सगळं. हल्ली करतात तसं."

"भाचा गेला की त्याच्या डोक्याशी आत्येने बसायचं असतं, ते मी फोनमधून बसू? त्याचं नाव मी ठेवलं ते काय फोनवरून ठेवलं होतं?" तिचा आवाज चढला. खुर्च्यांवरच्या लोकांनी माना खाली घातल्या. "इसिलेली, नीट ऐक. मी त्याच्या डोक्याशी बसल्याशिवाय पेटीला झाकण लावायचं नाही. लावलंत तर मी येऊन सगळ्यांदेखत उघडेन."

भाऊ हळूच म्हणाला, "बरं, ताई."

उद्या शनिवारचं विमान चुकलं की संपलं. रविवारी या देशात विमान सोडाच, दुकानाची फळीसुद्धा उघडत नाही. हे तिला ठाऊक होतं आणि केलेपीलाही ठाऊक होतं. तो काउंटरमागून बाहेर आला, तिच्यापाशी गुडघ्यांवर बसला आणि खाली बघत कुजबुजला.

"आत्या, तुम्ही घरी जा. आत्या म्हणून माझ्याकडे मागा. एवढा एक शब्द बोला. मग मला नाही म्हणता येणार नाही. संध्याकाळपर्यंत मी काहीही करून पासपोर्ट घरी आणून देतो."

"मग आणि काय?"

"मग... मिटलं."

"तेच तर मला मिटू द्यायचं नाहीये." ती मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागली. "आत्या म्हणून मला तुझं डुक्कर मागता येईल. तुझ्या अंगातला सदरा मागता येईल. पण हा पासपोर्ट माझाच आहे. माझी वस्तू मी भाच्याकडून दान म्हणून कशाला घेऊ? आणि ज्यांना इथे आत्या होता येत नाही त्यांनी काय करायचं? या तोमासीने कुणाची आत्या व्हायचं?"

"मी तयार आहे, आजी," तोमासी म्हणाला, "पण दाढी करावी लागेल."

खुर्च्यांवर हशा पिकला. केलेपी हसला नाही. तो उठून जागेवर गेला आणि त्याने पुढच्या माणसाचा अर्ज ओढून घेतला. तोमासीने पिशवीतून उकडलेल्या अळूच्या कंदाचा तुकडा काढून कालोलाइनेपुढे धरला. तिने तो घेतला, खाल्ला आणि बोटं रुमालाला पुसली.

"साहेबाला बोलाव," ती म्हणाली.

"साहेब नाहीत, बाई आहेत. लिसियाते बाई. त्या मीटिंगमध्ये..."

"मग मीटिंग संपेपर्यंत मी दर पाच मिनिटांनी फळा वाचत राहते."

आणि तिने खरोखरच वाचायला सुरुवात केली. चर्चमध्ये पहिल्या ओळीत गाणाऱ्या बाईचा तो आवाज, कुठल्या बंद दाराला जुमानणारा नव्हता. पहिल्या दोन वेळा ती एकटीच वाचत होती. तिसऱ्या वेळी तोमासीने साथ दिली. पाचव्या वेळी पोर कडेवर घेतलेली एक मुलगीही म्हणू लागली, आणि मग खुर्च्यांवरचे सगळेच. टोंगाच्या लोकांना चारजण एकत्र आले की चढा-उतरता सूर लावल्याशिवाय राहवत नाही. "पासपोर्टचं नूतनीकरण, कामाचे दहा दिवस," अख्खी कचेरी गाऊ लागली, तेव्हा आतलं दार उघडलं.

लिसियाते बाई पन्नाशीच्या, चष्मा केसांवर चढवलेला, हातात अर्धा प्यालेला चहा. त्यांनी चटईकडे पाहिलं, तिच्यावरच्या काळ्या झग्याकडे पाहिलं आणि चहा खाली ठेवला.

"तुमच्या दुःखात आम्ही आहोत, बाई. काय काम होतं?"

"पासपोर्ट हवाय. आणि त्याच्याबरोबर एक कागद." कालोलाइनेने हे वाक्य रात्रभर मनात घोळवलं होतं. "त्यावर लिहा, दहा दिवस सांगितले आणि सोळा लावले. खाली तुमची सही आणि शिक्का. माझा भाचा मला बोलवत होता आणि मी गेले नाही. तो कागद मी त्याच्या छातीवर ठेवणार आहे. त्याच्याबरोबर जाऊ दे. आत्या का आली नाही, ते त्याला कळू दे."

कडेवरचं पोर काहीतरी बडबडत होतं.

"पावती बघू," लिसियाते बाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, केलेपीच्या बाजूची मोठी वही स्वतःकडे ओढली आणि बोट खाली खाली नेलं. एका ओळीवर ते थांबलं. त्यांनी पावती पुन्हा पाहिली.

"बाई, उशीर झालेलाच नाही. तुमचा पासपोर्ट नवव्या दिवशी तयार झालाय. बुधवारी. हे बघा. आणि पुढे लिहिलंय, घरपोच देण्यासाठी घेतला. सही..." बोलता बोलता त्या थांबल्या आणि त्यांनी मान वळवली. "केलेपी?"

केलेपी सगळ्यात खालच्या खणापाशी वाकला. खण उघडायला त्याला दोनदा ओढावं लागलं. आतून त्याने झाडाची साल कुटून केलेल्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. चारी कोपरे नीट आत दुमडलेले, लग्नाकार्यात मानाची भेट द्यायची असते तसे.

"हे काय आहे?" कालोलाइनेने विचारलं. पण तिला कळलं होतं.

"आत्या, तुम्हाला मी काउंटरवरून कसा देऊ?" केलेपी खाली बघत म्हणाला. "फोटो लावलेलं पुस्तक, शिक्का मारून, सगळ्यांना देतो तसं? रिकाम्या हाताने? म्हटलं, घरी घेऊन येईन. बायको तुमच्यासाठी चटई विणत होती. त्या रविवारी प्रार्थनेनंतर येणार होतो. चटई चार बोटं राहिली. चार बोटं अपुरी चटई आत्येपुढे कशी ठेवायची? म्हटलं, पुढच्या रविवारी. मग मंगळवारी पोआसी..."

"तो आजारी आहे, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं. इतका आहे, हे नव्हतं ठाऊक."

"आणि मंगळवारनंतर?"

"नंतर कोणत्या तोंडाने देऊ, ते कळेना."

कालोलाइनेने दोन्ही हात चटईवर टेकले. सकाळपासून ती जिच्यावर तुटून पडली होती ती कचेरी निर्दोष ठरून समोर उभी होती, आणि ज्याला तिने सरकारच्या हातचं बिचारं पोर समजून मनात माफ केलं होतं, त्यानेच तिचे ते दिवस खणात घालून ठेवले होते. तेही आळसाने नाही. घरंदाज पोराने करावं तेच तो करायला गेला होता. आत्येकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे या पोरांना शिकवलं कुणी? आत्यांनीच. मंगळवारपासूनचा एवढा संताप, आणि आता तो ठेवायला जागा उरली नव्हती. तिला या मुलाच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरून रडावंसंही वाटलं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"बाई," लिसियाते हळूच म्हणाल्या, "तो कागद... लिहून देऊ का? काय लिहू?"

"राहू दे. तुमचा फळा खरा आहे."

केलेपी काउंटरला वळसा घालून आला. गुडघे टेकून, मान खाली घालून, सालीच्या कापडातली ती भेट त्याने दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. "चटई आज पुरी होईल. उद्या विमानतळावर आणतो, आत्या. माफी मागायला तोंड नाही मला."

"चटई आण. पण माझ्यासाठी नको. पोआसीला तिच्यात गुंडाळू. चार बोटं राहिली असली तरी चालेल." तिने त्याच्या हातांकडे पाहिलं, पण स्वतःचा हात पुढे केला नाही. "आता ऊठ. मागे जा."

"आत्या?"

"काउंटरच्या मागे जा. ते कापड सोड. इतरांना देतोस तसा दे मला."

तो गेला. त्याने कापडाची घडी सोडली. निळं पुस्तक उघडंबोडकं काउंटरवर आलं.

"इतरांना कसा देतोस? नाव पुकारतोस ना? पुकार."

केलेपीने घाबरून लिसियाते बाईंकडे पाहिलं. जन्मात कधी त्याने हे नाव तोंडातून काढलं नव्हतं. घरात कुणी चुकून काढलं तर त्याचा बाप जेवणावरून उठायचा. "आत्या, काहीही सांगा. तुमच्या नावाने मी हाक कशी मारू?"

"पोआसीने मला हाका मारल्या आणि मी गेले नाही," कालोलाइने म्हणाली. आता तिचा आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत होता. "त्या बुधवारी तू नुसतं नाव पुकारलं असतंस, तर मी पोचले असते. आज पुकार. मी ऐकल्याशिवाय उठणार नाही."

तोमासीने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. केलेपीने पुस्तक उघडलं, जणू नाव त्याला वाचूनच घ्यायचं होतं.

"कालोलाइने..." पुढचं तो नुसता पुटपुटला.

"ऐकू आलं नाही."

त्याने डोळे पुसले. मग मान वर केली, आयुष्यात पहिल्यांदा आत्येच्या डोळ्यांत बघितलं आणि रोज रांगेवर टाकायच्या खड्या आवाजात पुकारलं, "कालोलाइने वाइओलेती!"

"आले," ती म्हणाली, आणि चटईवरून उठली.