हाकेला ओ

“नुसता वास घेऊ दे तिला. घाई करायची नाही,” असं स्वतःलाच बजावत काकांनी म्होरकी कालवडीच्या नाकाखाली धरली. गुराच्या कानांमागून आणि तोंडावरून फिरवून बांधायची ती दोरी त्यांनी चार दिवस खपून स्वतः वळली होती, आणि तेल चोळून चोळून अशी मऊ केली होती की तान्ह्या बाळाला बांधली असती तरी ते झोपेतून उठलं नसतं.

काकू गोठ्याच्या दारात पाण्याने भरलेली बादली घेऊन उभ्या होत्या. कुठे ठेवू, एवढंच विचारायचं होतं. पण काकांची पाठ इकडे होती आणि तोंड कालवडीकडे.

“हुंग, हुंग. काही नाही, दोरी आहे. तुझीच आहे,” काका म्हणत होते.

बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने आपल्याला एक गोष्ट कधी इतक्या धीराने समजावून सांगितली नाही, असं काकूंच्या मनात आलं आणि बादली जरा आदळलीच. पाणी काकांच्या पायावर उडालं. काकांनी पाय मागे घेतला, मान वळवली नाही.

कालवड देखणी होती, त्यात वाद नव्हता. काळीभोर, अंगावर हात ठेवला तर घसरावा अशी, आणि कपाळावर एकच पांढरा ठिपका, कवडीएवढा. काका तिला कवडी म्हणायचे. काकूंनी तिचं नाव मनातल्या मनात सवत ठेवलं होतं.

काकांना तिला तीन महिन्यांनी प्रदर्शनात उतरवायचं होतं. गेल्या साली तिथे त्यांची गाय त्यांना रिंगणभर फरफटत घेऊन गेली होती, आणि चष्म्यावरून बघत परीक्षकांनी विचारलं होतं, “यात कोणी कोणाला दाखवायला आणलंय?” सगळं मैदान हसलं होतं. काका त्या दिवसापासून त्या वाक्याशी भांडत होते. जेवताना मधेच घास थांबायचा, तेव्हा काकूंना कळायचं, परीक्षक आले.

म्होरकी पहिल्यांदा चढवली त्या दिवशी कवडी अशी उधळली की शेजारच्या कोंबड्यांनी उद्याची अंडी आजच घालून टाकली. तिने गव्हाण उलटी केली, वाळत घातलेली चादर शिंगांत अडकवून अंगणाला तीन फेऱ्या मारल्या, आणि चौथ्या फेरीला कुंपणावरून थेट पलीकडच्या अंगणात. तिथे राहायची ती बाई, जिला सगळी गल्ली रेडिओ म्हणायची. रेडिओने दुपारपर्यंत बातमी अशी काही फिरवली की संध्याकाळी चार माणसं पांढरे कपडे घालून काकूंना भेटायला आली, आणि दार काकांनीच उघडलं तेव्हा त्यांची मोठी पंचाईत झाली.

पण काका हटले नाहीत. आठवडाभर त्यांनी दोरी नुसती लोंबती ठेवली. कवडी चालायची, स्वतःच्याच दोरीवर पाय द्यायची, मान अडकायची, मग पाय उचलला की मान सुटायची. होता होता तिला कळलं की भांडलं तर दोरी आवळते आणि ऐकलं तर सैल होते. मग काकांनी दोरी हातात घेतली.

“ओढ थोडी द्यायची,” ते कुंपणापलीकडून बघणाऱ्या रेडिओला समजावत, “आणि तिने एक पाऊल टाकलं की लगेच ढील. सगळी गंमत ढील देण्यात आहे. ओढायला काय, कोणालाही येतं.”

“हे काकूंना सांगितलंत का कधी?” रेडिओने विचारलं.

“तिला काय करायचंय? तिला कुठे म्होरकी घालायचीय?”

स्वयंपाकघराच्या खिडकीत काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं, जरा जोरात.

आता ढील द्यायची, तर तिच्याबरोबर एखादा शब्द लागतो. म्हणजे पुढे नुसता शब्द टाकला तरी जनावर पाऊल उचलतं. कोणी चुचकारतं, कोणी शीळ घालतं. काकांना शीळ येत नव्हती, पुढचे दोन दात गेलेले. त्यांच्या तोंडात बसलेला, गोड निघणारा शब्द एकच होता. “अगं,” ते म्हणाले, आणि दोरी सैल सोडली. “अगं.” कवडी एक पाऊल आली. “अगं.” आणखी एक.

पहिल्या दिवशी काकू तीनदा हात पुसत बाहेर आल्या.

“बोलावलंत?”

“तुला नाही.”

त्या रात्री जेवताना काकांनी पाण्यासाठी पेला ताटावर वाजवला. टिंग. काकूंनी वर पाहिलं.

“अहो, हे काय नवीन?”

“शब्द गोंधळतो,” काका म्हणाले. “जनावराला एका शब्दाचा एकच अर्थ लागतो. मी घरात ‘अगं’ म्हटलं की ती गोठ्यात कान उभे करते, आणि मग ढील मिळत नाही म्हणून बिथरते. प्रदर्शन होईपर्यंतच. मग काय, आहेच.”

“आणि मी काय ओळखायचं? पेला वाजला की मी, आणि अगं म्हटलं की ती?”

“माणसाला कळतं की,” काका म्हणाले, आणि पुन्हा वाजवला. टिंग.

काकूंनी पाणी ओतलं. पेला भरला, ताटात सांडलं, तरी ओतत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका घोरायला लागले तेव्हा काकू गोठ्यात गेल्या. कवडी बसून रवंथ करत होती. काकूंनी घसा खाकरून आवाज जाड केला आणि काकांसारखं म्हटलं, “अगं.”

कवडी उठली. कान पुढे करून आली आणि ओलं नाक त्यांच्या मनगटाला लावलं.

“तुला नाही बोलावलं,” काकू म्हणाल्या. पण हात काढून घ्यायला जरा वेळ लागला, आणि तेवढ्यात त्यांना गव्हाणीच्या कडेवर आपला कंगवा दिसला. दाट दातांचा, माहेरून आणलेला. आठ दिवस त्या तो शोधत होत्या. दातांत शेपटीचे काळे केस गुंतले होते.

काकांना झोपेतून उठवून त्यांनी तो नाकासमोर धरला.

“हा माझा.”

“शेपूट काय सुरेख सुटते त्याने,” काका डोळे चोळत म्हणाले. “आणि तुला आता एवढे केस कुठेत?”

कंगवा काकूंनी जागेवर नेऊन ठेवला, म्हणजे गव्हाणीच्या कडेवर.

मात्र दुसऱ्या सकाळपासून त्यांनी एक धरलं. अंगणात काकांनी “अगं” म्हटलं की खिडकीतून खणखणीत आवाज यायचा, “ओ.”

“तुला नाही.”

“मला वाटलं, मला.”

चार पावलं झाली की पुन्हा “अगं”, पुन्हा “ओ”. कुकरची शिट्टी चालू असो, तोंडात घास असो, नाहीतर डोक्यावर पाणी ओतणं चाललेलं असो, काकू ओ द्यायला चुकल्या नाहीत. एकदा त्या गल्लीच्या टोकाला दळण घेऊन येत होत्या, तिथून ओ दिली. तिथला कुत्रा आजही त्या कोपऱ्यावर दचकतो म्हणतात.

“काकू, अहो कशाला घसा कोरडा करताय?” रेडिओ म्हणाली. “जनावर ते.”

“मी कुठे जनावराला काही म्हणतेय? हाक आली, ओ दिली. बत्तीस वर्षं देतेय.”

सुरुवातीला काका चिडले. मग त्यांनी हिशेबाने वागायचं ठरवलं. ओ यायच्या आधी दोरी सोडली, तर काकू हातात डाव घेऊन बाहेर यायच्या आणि “बोलावलंत?” वरून पुढे कंगव्यापर्यंत जायच्या. त्यापेक्षा “अगं” म्हणायचं, ओ येऊ द्यायची, आणि मग ढील. तेवढ्याने काम निभायचं. दोन महिने असंच चाललं. कवडी हळूहळू अशी चालायला लागली की पाठीवर दुधाची वाटी ठेवली असती तर साय हलली नसती.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी काकू बाजारातून उशिरा आल्या. अंगणाच्या मधोमध कवडी खांबासारखी उभी होती. काका पायरीवर बसले होते, म्होरकीची दोरी मांडीवर. सबंध सकाळ तिथेच गेल्यासारखे दिसत होते.

“काय झालं?”

“काय व्हायचंय?” काका म्हणाले. थोडा वेळ त्यांनी दोरीचं टोक उलगडलं आणि पुन्हा पिळलं. “परवा तूही चल.”

“मी? कशाला? बादली धरायला?”

“चल म्हटलं तर चल. पुढच्या बाकावर बस. कठड्याला लागून.”

आजवर त्यांनी कधी चल म्हटलं नव्हतं. काकूंनी चांगली साडी काढली, मग परत ठेवली, मग परत काढली.

रिंगणात नऊ जनावरं होती. काकू पुढच्या बाकावर बसल्या, शेजारी रेडिओ. समोर काकांनी कवडीला आणून उभं केलं तेव्हा मागच्या बाकांवरून “वा” आलं. कंगव्याने विंचरलेली शेपूट उन्हात रेशमासारखी सुटली होती. असं कौतुकाने आपल्याकडे कोणी शेवटचं कधी बघितलं होतं, ते काकूंना आठवेना. परीक्षक तेच होते, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी हाताने खूण केली, चालवा.

“अगं,” काका म्हणाले.

कवडी हलली नाही.

“अगं.”

पुढची जनावरं निघून गेली. मागच्या माणसाने आपला बैल कसाबसा आवरला. परीक्षकांनी पेन्सिल कागदावर टेकवली.

“आता गं बाई,” रेडिओ म्हणाली. “विसरली वाटतं.”

काकूंच्या मनात उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोला. बघा आता तुमची कवडी. ओठ घट्ट मिटून त्या मजा बघत बसल्या. आणि मग त्यांना कान दिसले. कवडी बिथरली नव्हती, हटून बसली नव्हती. ती शहाण्यासारखी उभी होती. तिचे दोन्ही कान मात्र काकांकडे नव्हते. ते कठड्याकडे वळले होते, बाकाकडे, नेमके काकूंच्या तोंडाकडे.

काकूंना एकदम सगळं समजलं. पायरीवर बसलेला नवरा, पुढचा बाक, कठडा. सगळं.

आता गप्प बसायचं एवढंच काम होतं. पाच मिनिटं. परीक्षक पेन्सिल फिरवतील, मैदान हसेल, सवतीचं मिरवणं कायमचं संपेल, आणि पेला वाजणं बंद होईल. काकूंनी हाताची घडी घातली. कोणीतरी मागे हसायला लागलंच होतं.

काकांनी दोरीवरची पकड सैल केली. कवडीकडे त्यांनी पाहिलं नाही. तिच्या पाठीवरून, कठड्यावरून, त्यांनी सरळ पुढच्या बाकावर पाहिलं. दात नसलेल्या तोंडातून तो शब्द इतका हलकेच आला की शेजारच्या रेडिओलाही ऐकू गेला नाही. आणि रेडिओला ऐकू गेलं नाही असं आजवर काही नव्हतं.

“अगं.”

काकूंनी हाताची घडी सोडली.

“ओ,” त्या म्हणाल्या.

कवडीने पाऊल उचललं.

रिंगण मोठं होतं. पंधरा पावलांवर पुन्हा “अगं” आलं तेव्हा काकूंना बाक सोडून कठड्याकठड्याने चालावं लागलं, चांगल्या साडीच्या निऱ्या एका हातात धरून. आत काका आणि कवडी, बाहेर काकू. अगं, ओ. अगं, ओ. सगळी फेरी झाली. परीक्षकांनी या खेपेला कोणी कोणाला आणलंय असं विचारलं नाही. चष्मा काढून पुसला फक्त.

दुसरा नंबर आला. रेडिओने गल्लीत पहिला सांगितला आणि काकांनी तो दुरुस्त केला नाही.

सकाळी काकू चहा उकळत होत्या. अंगणातून आवाज आला.

“अगं.”

काकूंचं तोंड सवयीने उघडलं, आणि त्यांनी ते मिटलं. खिडकीतून डोकावून पाहिलं. काका पायरीशी उभे होते, दोन्ही हात रिकामे. म्होरकी गोठ्याच्या खुंटीला टांगलेली होती. आत कवडीने गव्हाणीतून तोंड वर काढलं होतं, आणि तीही कान टवकारून वाट बघत होती.

काकूंनी चहा खाली उतरवला, सावकाश गाळला, कपाची कड पुसली. ओ द्यायला काही घाई नव्हती.