चुड्याचं माप

"आधी पोरीचा हात हातात घे, मंग माप सांग. अन् सांगताना तिच्या तोंडाकडं बघ, बेटी."

खातूनबीला जाऊन कैक वर्षं झाली, तरी लातूरच्या गंजगोलाईतल्या तिच्या बांगड्यांच्या दुकानात बसलं की शिवगंगाला हा आवाज ऐकू येई. पण संगणकावर हात कुठून आणायचा? खातूनबीच्या मुलाला, रियाजला, दुकान ऑनलाइन न्यायचं होतं. ट्यूशनसाठी आलेल्या परगावच्या पोरी सगळं मोबाइलवरच घेतात, हे तो रोज बघत होता. त्याच पोरींचे प्रवेशअर्ज भरून देता देता शिवगंगा वेबसाइटी बनवायला शिकली होती; त्यानं ते काम तिच्यावरच सोपवलं.

सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नसे. पूजा आटोपून ती दुकानात येई आणि डेटाबेस मांडत बसे. आधी वस्तू, मग तिचे पर्याय: रंग, माप, नग. प्रत्येक रंगाला प्रत्येक माप जोडलं की विकायचा एकेक प्रकार तयार. त्याचा साठा वेगळा, किंमत वेगळी. जोड्या लावायचं काम तिनं यंत्रावर सोडलं, आणि मापांची यादी सगळ्या दुकानाला एकच ठेवली.

दुकान सुरू झालं. एका दुपारी रियाज पडद्याकडं बघून हसायलाच लागला.

"ताई, तुमच्या कंप्युटरनं कुणाचं लगीन लावलं बघा! लग्नाचा हिरवा चुडा, माप दोन. अवो, दोनचं माप म्हंजी शाळंतली पोरगी. गॅदरिंगच्या नाचाला नेतेत त्या बांगड्या."

शिवगंगानं कपाळावर हात मारला. चुड्याला ते माप लागतच नाही. यंत्रानं जोडी लावली आणि आपण काढली नाही. "गिऱ्हाईक चुकलं असंल. फोन लावते."

तिनं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून कोवळा आवाज आला. "हाव, स्वप्नाली बोलायले."

"बाळ, घरात मोठं कोणी हाय का? चुड्याचं माप चुकलंय बहुतेक."

"न्हाई मॅडम. तुमच्या पानावर लिहिलंय तसंच मोजलं. सुतळीनं."

ते वाक्य शिवगंगानंच लिहिलं होतं.

"अगं, नवरीचा हात मोजायचा असतो."

"मंग, माझाच मोजला की." पोरगी बारीक हसली. "बाबांला ऑनलाइन येत न्हाई. मला येतंय, आठवीत हाय मी. परवा हळद हाय, मॅडम. उद्या येतंय का पार्सल?"

रियाजचं हसू कधीच मावळलं होतं.

"मॅडम? अन् भरून द्यायला कोणी येत न्हाई का तुमच्यातलं? काच लई लागती म्हणतेत."

"येतं," शिवगंगा म्हणाली. "मी येते."

फोन ठेवल्यावर तिच्या लहानपणीचं, भूकंपानंतरचं पत्र्याचं शेड डोळ्यांपुढं आलं. आई-वडील ढिगाऱ्याखाली गेलेले. पोर कुणी सांभाळायची म्हणून मामानं स्थळ आणलं होतं, आणि पाटी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या खातूनबीला चुडा भरायला बोलावलं होतं. खातूनबीनं शिवगंगाचा हात हातात घेतला, तोंडाकडं पाहिलं आणि पाटी झाकून उठली. "या मापाचा हिरवा चुडा नसतो, भाऊ." बांगडीवाली न भरता उठली म्हणजे मोठा अपशकुन. बायका कुजबुजल्या, नवऱ्याकडची माणसं आल्या पावली गेली. शिवगंगा शाळेत गेली ती त्यामुळं.

"कॅन्सल करू, ताई," रियाज हळूच म्हणाला. "पैसे परत देऊ."

"मंग दुसऱ्या दुकानातून मागवील की ती. अम्मी उठल्या तवा अख्ख्या मांडवाला दिसलं, रियाजभाई. मोबाइलमधून उठलेलं कुणाला दिसतंय?"

रियाजनं बालविवाह थांबवणाऱ्या हेल्पलाइनला फोन लावला, नाव-गाव सांगितलं. मग घाम पुसत म्हणाला, "येतो म्हणाले, उद्या सकाळपर्यंत. आता तुम्ही कशाला जाता? तिथं चार माणसं अंगावर आली तर?"

"येऊ द्या. ते लोक पोचंपर्यंत तिच्याजवळ कोणी तरी बसाय पाहिजे ना."

"दुकान बंद करून मीबी येतो."

"नको. हेल्पलाइनवाल्यांचा फोन आला तर उचलाय कोण हाय? बायामाणसात मला बसू देतील, तुम्हाला न्हाई."

तिनं चुड्याचं पान उघडून लहान माप काढून टाकलं. स्वप्नालीचा कंधारकडचा पत्ता एका कागदावर उतरवून घेतला. रियाजनं पाण्याची बाटली भरून दिली.

स्टँडवर कंधारची गाडी लागलीच होती. कंडक्टरनं विचारलं, "किती जण, ताई?"

"जाताना मी एकटीच," ती म्हणाली आणि लवकर उतरता येईल अशा, दाराजवळच्या सीटवर बसली.